शनिवारी सिनेगॉग बंदच असणार: मसजिद बंदर ते माझगाव फेरीवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. मुंबईत बाहेरून आलेल्या समाजांची प्रार्थनास्थळं दाखवणारी मसजिद बंदर ते माझगाव ही पायी फेरी मी लिहून दिली होती, तिच्याबद्दलची तुमची तक्रार थोडक्यात अशी: शनिवारी सकाळी दहाला मसजिद स्टेशनवरून निघालात, सॅम्युएल स्ट्रीटचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघता आलं नाही, भायखळ्याच्या सिनेगॉगच्या फाटकातूनच परत पाठवलं, माझगावचं चिनी देऊळ बंद होतं आणि ‘दोन तासांची’ फेरी चार तास चालली. शिवाय, बेने इस्रायल हे ज्यू तर कोकणातले मराठी, त्यांना स्थलांतरित कसं म्हणता?

वेळेचा आक्षेप मान्य. अंतर चार-साडेचार किलोमीटर आहे. नुसतं चालायला दोन तास पुरतात. आत जायचं, बूट काढायचे, ओळखपत्र दाखवायचं, तर साडेतीन तास धरा. वार न लिहिणं ही त्याहून मोठी चूक. शनिवार हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी सिनेगॉग प्रार्थनेसाठी असतं, पाहुण्यांसाठी नाही. शुक्रवारही नको: दुपारी वाटेतल्या मशिदीत जुम्म्याची नमाज आणि सूर्यास्ताला शब्बाथ सुरू. उरलेल्या दिवसांत मांडवीच्या घाऊक बाजारात हातगाड्या आणि पाठीवरून माल नेणारे हमाल यांच्यातून चारजणांनी एकत्र चालणं कठीण. म्हणून रविवार, आणि तोही सकाळी साडेसातला.

रविवारची गोम म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल बंद. फेरी डॉकयार्ड रोडला संपते आणि ते स्टेशन हार्बर लाईनवर. ब्लॉक साधारण अकराच्या पुढे सुरू होतो, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. उशीर झालाच तर माझगावहून टॅक्सीने भायखळा गाठा. सुरुवातीलाही लक्षात ठेवा, मसजिदला फास्ट लोकल थांबत नाही.

भायखळ्याच्या फाटकावर अडवण्यात तुमच्याशी वैर नव्हतं. सिनेगॉगवर पोलीस पहारा असतो. मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. मोठी बॅग घरी ठेवा, पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल घ्या, कॅमेरा काढण्याआधी विचारा. गट सहापेक्षा मोठा असेल तर आधी परवानगी घेतलेली बरी.

आता खरा मुद्दा. ‘स्थलांतरित’ म्हणजे परदेशी, असं तुम्ही धरलंय. ही फेरी मुंबईत बाहेरून आलेल्यांची आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावरून येणंही बाहेरूनच येणं. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायलांची आडनावं गाव मागे सोडून आल्याचीच खूण. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या नोकरीने त्यातले बरेचजण मुंबईला आले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर त्यांच्यापैकीच, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. त्यांनी 1796 मध्ये शाआर हारहमीम हे सॅम्युएल स्ट्रीटचं सिनेगॉग उभारलं. आजची इमारत नंतरची. ही मंडळी प्रार्थनास्थळाला ‘मशीद’च म्हणत, आणि स्टेशनचं नाव याच ‘जुन्या मशिदी’वरून पडलं असं सांगतात.

भायखळ्याचं मागेन डेव्हिड हे वेगळं प्रकरण आहे. ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी 1860 च्या दशकात बांधवलं. धर्म एक, पण ही माणसं मराठी बोलणारी नव्हेत, अरबी बोलणारी, आणि व्यापारी. दोन सिनेगॉग एकाच फेरीत ठेवलीत ती हा फरक डोळ्यांनी दिसावा म्हणून. मधल्या इमामवाड्यातली मुघल मशीद (1860) इराणी व्यापाऱ्यांची: घुमट नाही, निळ्या फरशांचं काम, अंगणात हौद. नाव मुघल असलं तरी दिल्लीच्या बादशहांशी संबंध नाही. मुंबईत इराण्यांना ‘मोगल’ म्हणत. मोहरमच्या दिवसांत मात्र तिकडे फेरी नेऊ नका.

चिनी देऊळ 1919 चं, सी यूप कून. ‘सी यूप’ म्हणजे चार परगणे, चीनमधल्या कँटनजवळचे. तिथल्या खलाशांनी ते उभं केलं. खाली क्वान यिन देवी, वर क्वान कुंग देव, आणि वर जाणारा जिना अरुंद. रोज उघडं मिळेल अशी हमी नाही. शेजारी चौकशी करावी. चिनी नववर्षाला, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, नक्की उघडं असतं.

गिरणगावचे चाकरमानी का नाहीत, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. लालबाग-परळ या वाटेला जोडलं तर साडेतीनचे सहा तास होतात. त्याची वेगळी फेरी लागेल, आणि तिला रविवारची अट नाही.