भावाशी बोलणं कसं सोडावं

वैर धरायचं तर भांडू नका. भांडणारे दिवस मावळताना पुन्हा बोलतात. त्यापेक्षा बांध धरा.

नांगरताना दरवर्षी चार बोटं, म्हणजे तीन इंच कोरायचे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या भातखाचरात बांध २०० फूट लांब धरला तर वर्षाला ५० चौरस फूट हाती येतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे साधारण २२ वर्षांत एक गुंठा तुमचा! तोवर गुडघे जातील, खरं गुंठा राहील.

यात एक घोळ आहे. खाचराचा बांध पाणी धरायला असतो. तो हातभर उरला की खेकड्यांची बिळं आरपार होतात, आषाढात एका रात्रीत बांध फुटतो आणि टाकलेल्या युरियासकट पाणी खाली जातं. खालचं खाचर भावाचं असलं तर तुमच्या खतावर त्याचं भात पोसतं. म्हणून कोरण्याआधी आपण वर आहोत की खाली, ते बघून घ्या.

मग कागद. उतारा कन्नडात; वाचायला कन्नड शाळेतलं पोरगं लागतं. भावाचंच असलं तरी चालेल, वाचून झाल्यावर चहा तेवढा विचारू नका. वाटणीपत्राला आधी ११-ई नकाशा, म्हणजे हिस्स्यांचा सरकारी मोजणी नकाशा, वर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या. सही मागायला त्याच्या दारात जायचं नसेल तर कोर्ट आहेच. तिथं बहिणीला विसरू नका हं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तिचाही हिस्सा मुलाइतकाच, आणि तिला वगळलेला वाटणीचा दावा तिथंच अडकतो. नोटीस नागपंचमीच्या आधी पोचवा. तिला माहेरी आणायला कुणी जायचं, हा प्रश्न दोघांचाही मिटतो.

घरात भिंत घालताना मधलं दार विटांनी बुजवा. कौलं मात्र वाटता येत नाहीत, गळतात ती दोघांकडे.

राहिली आई. महिना तुमच्याकडं, महिना त्याच्याकडं. इथंही गाफील राहू नका: जानेवारीपासून पाळी धरणाऱ्याला वर्षाचे १८४ दिवस पडतात, दुसऱ्याला १८१. तीन दिवस, सहा जेवणं. तुम्ही फेब्रुवारी धरा. ३१ जुलैला तिकडं जेवून ती तुमच्याकडं यायला निघेल. मधलं दार बुजलेलं, म्हणजे अंगणातून वळसा. वाकळ आणि औषधाची डबी तिची तीच आणते. खरं त्या पावसात छत्री कुणी धरायची, ते पंचांसमोर आधीच लिहून घ्या.