कडू घोसाळ्याचा तो निरोप चुकीचा आहे

'कडू घोसाळं साखरेवर औषध, आणि शिजवलं की बाधत नाही' असा निरोप आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही खोटं. कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे येतो, तो शिजवूनही जात नाही. खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात; रस काढून पिणं म्हणजे शुद्ध वेडेपणा!

चिरताना देठाकडची चकती जिभेच्या टोकाला लावा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा, घोसाळं फेका. दोडक्यालाही हेच.

कडू निघालेल्या वेलाचं बी धरू नका. राहिलेली फळं मात्र वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की करकरीत साल सोला, बिया झटका. आतली जाळी भांडी घासायला एक नंबर. आमची तुप्पद हिरेकाई (घोसाळ्याचं कानडी नाव) न्हाणीतसुद्धा टांगलेली असते.