एका डॉलरची कंपनी, पन्नास लाखांचं कर्ज

"खिशात दमडी नसलेल्या माणसाने एका डॉलरला बुडीत कंपनी घेतली. तिचं जहाज पहिल्याच फेरीत बुडालं होतं. पण जिद्दीच्या जोरावर त्याने शून्यातून जगातला सर्वांत मोठा क्रूझ उद्योग उभा केला." टेड ॲरिसन आणि कार्निव्हल क्रूझ लाइनबद्दलचा हा मजकूर व्हॉट्सॲपवर सुविचारांच्या रांगेत फिरत असतो. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका खपतो.

आधी त्या डॉलरचं बघू. 1974 मध्ये ॲरिसनने बोस्टनच्या पर्यटन कंपनीकडून कार्निव्हल घेतली, तेव्हा कागदावर किंमत एक डॉलरच होती. सोबत सुमारे पन्नास लाख डॉलरचं कर्जही त्याच्या डोक्यावर आलं, हे फॉरवर्डवाले गाळतात. सातबाऱ्यावर बोजा चढलेली जमीन कुणी रुपयाला दिली म्हणून ती रुपयाची होत नाही.

"दमडी नसलेला" हेही तसंच. तेल अवीवला जन्मलेला ॲरिसन जहाजांच्या धंद्यातच वाढलेला. 1966 मध्ये नॉर्वेच्या क्नुत क्लोस्टरशी हातमिळवणी करून त्याने मायामीहून 'सनवर्ड' जहाजाच्या सहली सुरू केल्या. जहाज क्लोस्टरचं, गिऱ्हाईक आणणं ॲरिसनचं. पुढे दोघांचं फाटलं, आणि 1972 मध्ये बोस्टनच्या त्याच कंपनीच्या साथीने ॲरिसनने कार्निव्हल काढली तेव्हा मायामीतला तिकीटविक्रीचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. याला शून्य म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

जहाज बुडालं? अजिबात नाही. कार्निव्हलचं पहिलं जहाज 'मार्दी ग्रा' 11 मार्च 1972 रोजी मायामीच्या बंदरातून बाहेर पडतानाच वाळूत रुतलं आणि जवळपास दिवसभर तिथेच अडकलं. जहाजावर शेकडो ट्रॅव्हल एजंट होते, म्हणजे ज्यांनी पुढे तिकिटं विकायची नेमके तेच. लाज गेली, जहाज वाचलं. मुळात ते नवंही नव्हतं. 'एम्प्रेस ऑफ कॅनडा' या नावाने ते लिव्हरपूल आणि कॅनडाच्या दरम्यान धावायचं. जेट विमानांनी अटलांटिकवरची प्रवासी जहाजं निकामी केली, म्हणून ते स्वस्तात मिळालं. कार्निव्हलच्या धुराड्यावरचं निळं-लाल-पांढरं चिन्ह आजही नीट पाहिलं, तर जुन्या मालकाच्या, कॅनेडियन पॅसिफिकच्या चिन्हाचीच ती रंग बदललेली आवृत्ती आहे हे कळतं.

मग कंपनी तरली कशी? मला तरी ही गोष्ट जिद्दीपेक्षा रंजक वाटते. 1973 च्या तेलटंचाईत इंधन खाणारं जुनं जहाज वेगाने पळवणं परवडेना. म्हणून ते हळू चालवायचं, कमी बंदरं घ्यायची आणि लोकांना जहाजावरच रमवायचं असं ठरलं. बार, डिस्को, कॅसिनो! हेच 'फन शिप'. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कमाई आतल्या खर्चावर करायची. अडचणीतून निघालेला हिशेब पुढे अख्ख्या धंद्याचा पायंडा ठरला. त्यानंतरची दोन जहाजंही जुनीच घेतली. कंपनीने स्वतःसाठी बांधून घेतलेलं पहिलं जहाज, 'ट्रॉपिकेल', 1982 मध्ये सेवेत आलं.

"उद्योग उभा केला" या शब्दांत सर्वांत मोठी गल्लत आहे. 1987 मध्ये शेअर बाजारातून पैसा आला आणि मग दुसऱ्या जहाज कंपन्यांची खरेदी सुरू झाली: 1989 मध्ये हॉलंड अमेरिका, 1998 मध्ये क्युनार्ड, 2000 पर्यंत पूर्ण कोस्टा, 2003 मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस. यातल्या कित्येक कंपन्या ॲरिसनच्या जन्माआधीच्या. आज ज्या समूहाला जगातला सर्वांत मोठा म्हणतात तो 'कार्निव्हल कॉर्पोरेशन' आहे. 'कार्निव्हल क्रूझ लाइन' हा त्यातला एक ब्रँड.

मुंबईकरांसाठी एक जोड: पी अँड ओ म्हणजे बॅलार्ड पिअरला विलायतेची टपाल आणणारी ती जुनी कंपनी, जिच्या जहाजांवर पिढ्यानपिढ्या गोवेकर राबले. कार्निव्हलकडे गेली ती तिची वेगळी काढलेली क्रूझ शाखा. उरलेली मूळ कंपनी 2006 मध्ये बंदरं चालवणाऱ्या दुबईच्या डीपी वर्ल्डने घेतली आणि न्हावा शेवाचं एक टर्मिनलही त्यांच्याकडे गेलं.

राहिला कर. कार्निव्हल कॉर्पोरेशनची नोंदणी अनेक वर्षं पनामात राहिली, मुख्य कचेरी मात्र मायामीत. परदेशी नोंदणीच्या जहाज कंपन्यांच्या उत्पन्नाला अमेरिकेत मोठी करसवलत मिळते, आणि या बचतीचा कार्निव्हलच्या वाढीला चांगलाच हातभार लागला. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेख कशाला असेल! 2020 च्या साथीत जहाजं थांबली, तेव्हा अमेरिकी सरकारची मोठ्या उद्योगांसाठीची मदत फक्त तिथे नोंदलेल्या कंपन्यांना होती. कार्निव्हलला त्या एप्रिलमध्ये 4 अब्ज डॉलर बाजारातून उचलावे लागले, साडेअकरा टक्के व्याजाने, आणि तेही जहाजं तारण ठेवून.