एकेचाळीसला पडलं

पहाटे साडेचारला उठतो म्हटलं की पुण्यात माणसाची पत एकदम वाढते. आमच्या सोसायटीत हल्ली मला जो मान आहे तो केवळ यामुळे. पर्वती चढायला निघालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका सोमवारी माझ्या खोलीतला दिवा बघतात. परवा जिन्यात गाठून त्यांनी आवाज खाली आणत विचारलं, "ध्यान का?" मी म्हटलं, "हो, एकाग्रता फार लागते." यात काडीचंही खोटं नव्हतं. ऑनलाइन लिलावाच्या शेवटच्या दहा सेकंदांत जी एकाग्रता लागते, ती इगतपुरीला जाऊन आलेल्या आमच्या साडूंनाही अजून साधलेली नाही.

सोमवारची पहाटच का, तर अमेरिकेतले जुन्या पेनांचे विक्रेते बहुतेक लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावतात. गिऱ्हाईक तेव्हा घरी असतं, पोट भरलेलं असतं आणि उद्या ऑफिस आहे हे विसरायला त्याला काहीतरी हवं असतं. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार. नोव्हेंबरात ते लोक घड्याळं मागे घेतात, मग साडेपाच. ही एक तासाची झोप म्हणजे अमेरिकन सरकारकडून मला मिळालेली एकमेव सवलत.

माझा जीव अडकलाय तो पार्कर 51 मध्ये. हे पेन 1941 साली बाजारात आलं. 1939 साली, म्हणजे कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते तयार झालं म्हणून नाव 51. निब जवळजवळ सगळी झाकलेली, टोक तेवढं बाहेर. आमच्या पिढीने हा आकार पहिल्यांदा बघितला तो चिनी हिरोमध्ये. मुंजीत मिळायचं, स्कॉलरशिप मिळाली की मिळायचं, आणि दुसऱ्या आठवड्यात शर्टाच्या खिशाला निळा डाग पडला की काढून घेतलं जायचं. मोठेपणी कळलं की हिरो ही नक्कल आणि अस्सल माल तिकडे अमेरिकेत. मग अस्सल मिळवल्याशिवाय चैन पडेना. पहिलं 51 हातात आलं तेव्हा ते कौतुकाने सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वा! अगदी हिरोसारखं दिसतंय हो."

लिलावाच्या पानावरचा मजकूर वाचणं ही वेगळी विद्या आहे. 'मला पेनांतलं काही कळत नाही' असं जो लिहितो, त्याला सगळं कळतं. 'तपासलेलं नाही' म्हणजे तपासलं आणि चालत नाही. 'दुर्मिळ' म्हणजे त्याच पानावर खाली अजून ढीगभर आहेत. 51 तीसेक वर्षं निघत होतं आणि लाखोंनी खपलं, ते दुर्मिळ कुठून होणार? 'आजोबांच्या टेबलाच्या खणात सापडलं' असं लिहिणाऱ्याची बाकीची दुकानदारी उघडून बघावी, तर आजोबांच्या खणातून निघालेली आणखी चाळीस पेनं, तीही चार वेगवेगळ्या अक्षरांत नावं कोरलेली. याला आजोबा तरी किती होते? 'हलवल्यावर आतून आवाज येतो' असं लिहिणारी मंडळी मात्र खरी प्रामाणिक. जुन्या पेनांत शाईसाठी रबराची पिशवी असायची, ती वर्षानुवर्षं पडून कडक होते आणि तिचे तुकडे होतात. म्हणजे पेनाबरोबर खुळखुळा फुकट.

पण यात तक्रारीला जागा नाही, कारण या धंद्याची सुरुवातच मुळी मोडक्या वस्तूने झाली. ईबे 1995 साली निघालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती बिघडलेला लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. संस्थापकाने घेणाऱ्याला आवर्जून विचारलं, की अहो, हा बिघडलेला आहे हे लक्षात आलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच गोळा करतो. हा किस्सा मी घरी सांगितला. बायको म्हणाली, "म्हणजे तुम्ही एकटे नाही. बरं वाटलं."

फोटोंचं तर विचारूच नका. विक्रेता पेन गालिच्यावर ठेवतो, आणि कॅमेरा नेमका गालिच्यावर रोखला जातो. गालिच्याचा धागा न् धागा मोजून घ्या, पेन धूसर. टोपणाच्या कडेला बारीक तडा असण्याची भीती असते, म्हणून तो फोटो वाढवत वाढवत न्यायचा. शेवटी पडदाभर टोपणाची कड आणि तिच्यावर एक आडवी रेघ. हा तडा आहे, ओरखडा आहे की केस? केस असेल तर त्यांचा की आपला? मी बाहीने लॅपटॉपचा पडदा पुसतो. रेघ तिथेच. चष्मा पुसतो. रेघ अर्ध्या इंचाने सरकते. आता चष्मा साफ झाला, की तडा खरा ठरला? अशा विचारात साडेचार वाजतात.

आणि मग पुण्याच्या माणसाला जे जन्मात शिकवलेलं नाही ते करायची वेळ येते. तुळशीबागेत आपण कसे वागतो? तीनशे सांगितले की दीडशे म्हणायचं, तो नाही म्हणाला की 'राहू दे मग' म्हणून चार पावलं चालायचं, आणि पाठीमागून 'ओ ताई, ओ साहेब' अशी हाक येईपर्यंत वळायचं नाही. इथे चार पावलं चालून गेलात तर हाक येत नाही, मागचा पुढे सरकतो. विक्रेत्याला काही बोलावंच लागत नाही. तो सोफ्यावर बसलेला असतो, आणि भाव चढवायचं त्याचं काम आपण, स्वतःच्या पैशाने, झोपमोड करून करत असतो. वर शेवटी पडद्यावर 'अभिनंदन! तुम्ही जिंकलात!' आयुष्यभर मंडईत भाजी घेतली, मेथीची जुडी हातात देऊन अभिनंदन कुणी केलं नाही.

पद्धत अशी, की आपली शेवटची तयारी यंत्राच्या कानात सांगून ठेवायची. समजा साठ डॉलर. यंत्र लगेच साठ लावत नाही, समोरच्यापेक्षा एक पायरी वर राहण्यापुरतंच चढवतं. ऐकायला हे फार सभ्य वाटतं. पण लवकर सांगितलं तर समोरचा एकेक डॉलर वाढवून तुमचा तळ चाचपतो. म्हणून जाणती माणसं आठवडाभर आपण त्या गावचेच नाही असं दाखवतात आणि अखेरच्या सहा सेकंदांत घाव घालतात. नेमकं तेव्हाच आमचं वायफाय फिरायला लागतं.

माझा एक कायमचा वैरी आहे. बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, त्यामुळे मला तो 'के, तीन चांदण्या, आर' एवढाच माहीत आहे. बाकीचा मी रचला आहे. निवृत्त दंतवैद्य. नेब्रास्कात मोठं घर. मुलं बोलत नाहीत. स्वभाव कोता. अधूनमधून वेगळीच शंका येते, की हा के कुलकर्ण्यांचा तर नसेल? सदाशिव पेठेत कुणीतरी असंच दार लावून बसलेलं नसेल ना?

या के-चांदण्या-आरने परवाच्या सोमवारी माझी झोप कायमची उडवली, ती हरवून नाही. तो चाळीसवर थांबला. मी मनात साठची तयारी ठेवून बसलेला, आणि पेन एकेचाळीसला माझ्या पदरात! आनंद साधारण तीन सेकंद टिकला. मग मनात आलं, थांबला का? नेहमी सत्तरपर्यंत हुज्जत घालणारा माणूस चाळीसवर उठून जातो, म्हणजे त्याने काहीतरी बघितलं. ती रेघ! मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या लिलावांबद्दल अमेरिकेतल्या तीन इंजिनियरांनी 1971 साली लिहून ठेवलंय, की बोली जिंकणारी कंपनी बहुधा तीच, जिने तेलाचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगवून धरलेला असतो. पेनाचंही तेच. अख्ख्या जगाने बघितलं, जगाला ते चाळीसच्या वर पटलं नाही, पुण्यातल्या एका इसमाला पटलं. याला जिंकणं म्हणतात.

पुढचं संकट म्हणजे विक्रेता भारतात पाठवत नाही. पण न्यू जर्सीत कुणीच नाही असं मराठी कुटुंब अजून माझ्या बघण्यात नाही. आमचा भाचा तिथे आहे, आणि सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेली ताई परतायचीच होती. तिने पेन बदामाच्या पिशवीत खुपसून आणलं आणि माझ्या हातात ठेवत म्हणाली, "जपून आणलंय हो. पण हे उठतच नाही रे. मी विमानात सुडोकू करायला घेतलं, चांगलं चार वेळा झटकलं, तरी नाही." माझ्या छातीतली कळ ओसरल्यावर मी टोपण खिडकीपाशी नेलं. ती रेघ केसच निघाली.

उठणार कुठून, आत कित्येक वर्षांची शाई वाळून दगड झालेली. सुदैवाने हे 1948 नंतरचं, म्हणजे आत रबर नाही, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. ती बेटी पिढ्यान् पिढ्या टिकते. पेन उघडून पुढचा भाग रात्रभर पाण्यात ठेवायचा. त्यासाठी मी स्वयंपाकघरातली एक स्टीलची वाटी कायमची वेगळी काढली आहे. आमच्या लग्नातली, तारखेसकट नाव घातलेली. सकाळी बघावं तर तळापासून निळी-काळी शाई दोऱ्या दोऱ्यांनी वर येत असते. पाणी बदललं की पुन्हा. पाणी निवळलं की पेन पुसायचं, शाई भरायची आणि कागदावर टेकवायचं. टेकवलं. उठलं. काय सरकतं म्हणून सांगू! मी दुधाच्या हिशेबाची पाठकोरी पावती सह्यांनी भरून टाकली.

बायकोने पेन हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि दांडीवरचं नाव बघितलं. जुन्या मालकाने हौसेने कोरून घेतलेलं. जाणकार असं पेन कमी भावाने मागतात, मला तर त्यामुळेच परवडतं. पण आमच्याकडे नाव भांड्यावर घालतात ते दुसऱ्याकडे गेलं तर परत यावं म्हणून.

"हे कुणाचं उचलून आणलंत?"

"विकत घेतलंय."

"कितीला पडलं?"

"एकेचाळीसला." चलन तिने विचारलं नाही.

"एकेचाळीस? वरचा एक सोडला नाही त्याने?"

"नाही सोडला."

"तुम्ही म्हटलंच नसेल."

तो वरचा एक मी आपणहून घातला होता हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी टोपण लावायला लागलो. तिने पेन माझ्या हातातून पुन्हा घेतलं, पावतीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सेलमध्ये साड्या बघताना ओळखतो.

"छान चालतंय की. अहो, यंदा संक्रांतीला वाण म्हणून हीच लुटू. गेल्या वर्षीचे प्लास्टिकचे डबे सगळ्या सोसायटीत फिरून आपल्याकडेच परत आले. पंचवीस लागतील."

"पंचवीस?"

"का? नसतील त्याच्याकडे?"

"असतील. पण तिथे लिलाव असतो, एकेक करून..."

"लिलाव कशाला? सरळ फोन लावा. म्हणावं, पंचवीस घेतो, पस्तीसने लाव. आणि नाव घालायचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. त्या माणसाचं नको म्हणावं, आपलं घाल."