सुवर्णलतेचा सज्जा

बंगाली कादंबरीकार आशापूर्णा देवींबद्दल एक मत सारखं पुढे केलं जातं. शाळेचं तोंड न पाहिलेली गृहिणी, चूल-मूल आणि सासू-सुनांची भांडणं लिहिणारी. तिच्या कादंबऱ्यांत बाहेरचं जगच नाही.

शाळा नव्हती, हे खरं. १९०९ साली कोलकात्यात जन्मलेल्या या मुलीला आजीने शाळेत जाऊ दिलं नाही. भाऊ धडे वाचत तेव्हा ती समोर बसायची, त्यामुळे अक्षरं आधी उलटी ओळखायला शिकली. आई पुस्तकवेडी होती. तेराव्या वर्षी कविता छापून आली. हिला अडाणी कसं म्हणायचं?

भांडणांचं म्हणाल तर तिची ‘प्रथम प्रतिश्रुति’ (१९६४) ही कादंबरी उघडा. रामकाली कविराज, म्हणजे वैद्य, हा गावाने मान द्यावा असा सज्जन माणूस. लग्नाला निघालेला एक नवरदेव वाचणार नाही, हे तो ओळखतो आणि मुलीची अब्रू राखायला आपल्या विवाहित पुतण्यालाच बोहल्यावर उभा करतो. पुतण्याची बायको शारदा हिला कोणी विचारत नाही. विचारते ती रामकालीची लहानगी पोर सत्यवती, तेही थेट बापाला. यात कजाग सासू कुठे आहे? चांगल्या माणसाच्या चांगल्या हेतूने एका बाईचा संसार वाटला जातो, आणि मला हे कुठल्याही खलनायकापेक्षा भयंकर वाटतं.

बाहेरचं जग नाही, हा आक्षेप तर मला मुळीच पटत नाही. सत्यवतीच्या नऊ वर्षांच्या मुलीचं, सुवर्णचं, लग्न आईच्या नकळत उरकतात. सत्यवती भरला संसार सोडून काशीची वाट धरते. पुढे ‘सुवर्णलता’मध्ये नवं घर बांधताना सुवर्ण नवऱ्याकडे एकच मागते: रस्ता दिसेल असा सज्जा. तो हो म्हणतो. घर उभं राहतं, सज्जा नसतो. बाहेरचं जग तिच्यापासून कोणी आणि कसं तोडलं, हाच त्या कादंबरीचा विषय आहे. तो घरातूनच दिसतो, कारण भिंत तिथेच बांधलेली असते.

‘बायकांचं वाचन’ म्हणून हिणवणाऱ्यांना १९७६चं ज्ञानपीठ आठवत नसावं. ते मिळवणारी ही पहिली स्त्री. पण मला पुरस्कारापेक्षा सुवर्णलतेची आठवणींची वही महत्त्वाची वाटते. ती हौसेने छापून घेते. छपाई चुकांनी भरलेली निघते, घरचे वाचून फिदीफिदी हसतात, आणि ती सगळ्या प्रती जाळून टाकते. तिची मुलगी बकुल पुढे लेखिका होते. सत्यवतीची गोष्ट आपल्या हाती येते, ती बकुलच्याच वहीतून.