अंटार्क्टिकाच्या पाण्यात डिंभ आहेत

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर कालपासून फिरतंय : ‘ध्रुवांजवळच्या समुद्रात प्राण्यांचे डिंभ (अंड्यातून निघालेली, मोठ्यांपेक्षा वेगळी दिसणारी पिल्लं, म्हणजे लार्व्हा) तरंगतच नाहीत.’ हे चूक आहे. मुलं प्रकल्पात उतरवून घेतील, म्हणून कळकळीने सांगते, पुढे पाठवू नका.

डेन्मार्कचे सागरी जीवशास्त्रज्ञ गुन्नार थॉर्सन यांनी १९५० साली मांडलं होतं, की ध्रुवाकडे जावं तसं तरंगत्या डिंभांच्या जातींचं प्रमाण घटतं. समुद्री गोगलगायींबाबत ते बरंचसं खरंही आहे. पण घटतं म्हणजे संपतं नव्हे! अंटार्क्टिकातल्या स्टेरेकायनस या समुद्री साळूचा (काटेरी गोळ्यासारखा प्राणी, सी-अर्चिन) डिंभ बघा : मोहरीहून लहान, काड्यांसारखे हात फुटलेला. शून्याखालच्या पाण्यात सूक्ष्म शैवाल खात तो जवळपास चार महिने तरंगतो, मगच तळाशी बसतो. तिथल्या ओडोंटॅस्टर तारामाशाचे डिंभही असेच खात-तरंगत वाढतात. आणि काही न खाता, अंड्यातल्या बलकावरच तगून तरंगणारे वेगळेच.