आरोपीचा बुरखा काढा म्हणणाऱ्यांनो, आधी हे वाचा

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. “एफआयआर गोपनीय ठेवतात, सरकारी वकील तोंड उघडत नाही, आरोपीला बुरखा घालून वाचवतात. कबुली दिली तरी खटला कशाला? केस दाबू देऊ नका, आरोपीचा फोटो पसरवा.” विजापूर रोडला माझ्या आत्याचं मंगळसूत्र हिसकावून नेलं. संशयित पकडलाय. आणि हा मेसेज वाचून आत्या आता चौकीत त्याचा फोटो मागायला निघालीय!

बुरख्याचंच आधी बोलतो. आत्याने चोराचा चेहरा पाहिलाय आणि केसचा सगळा भार तिच्या ओळखण्यावर आहे. अशा वेळी ओळख परेड होते. संशयिताला त्याच्यासारख्याच अंगलटीच्या, वयाच्या माणसांत उभं करतात आणि त्यातून साक्षीदाराने तो ओळखायचा. परेड पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी घेतात. त्याआधी फोटो मोबाइलवर आला, तर उलटतपासणीत आरोपीचा वकील एवढंच विचारेल, “बाई, हा चेहरा तुम्ही त्या दिवशी पाहिला की व्हॉट्सअ‍ॅपवर?” मग आत्या कितीही खरं बोलो, तिच्या ओळखीवर संशय राहतो आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तो बुरखा आत्याच्या साक्षीसाठी आहे. फोटो पसरवणारे चोर सोडवायला मदत करतायत.

एफआयआर गोपनीय, हे साफ खोटं. ७ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या याचिकेत आदेश दिला की एफआयआर २४ तासांत, अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत वेबसाइटवर टाकायचा. लैंगिक अत्याचार, दहशतवाद, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) असे संवेदनशील गुन्हे तेवढे वगळले, आणि तो निर्णयही पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडून कुणीही बघावं. फिर्यादीला तर प्रत फुकट मिळते.

सरकारी वकील तपास करतच नाही, पोलीस करतात. रिमांडला म्हणजे कोठडी मागताना, जामिनाला तो जे बोलतो ते उघड्या कोर्टात. पोलिसांसमोरची नुसती कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, म्हणून खटला लागतोच.

एक मात्र मान्य करावं लागतं. फिर्यादीला खरंच कुणी काही सांगत नाही. जप्त माल टेबलावर मांडून पत्रकारांना बोलावतात, पण ज्याचा माल गेला त्याला साधा फोन नाही. हा राग रास्त आहे. पोलिसांनी माध्यमांना काय सांगावं, याची नियमावली करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

तेव्हा आत्या, फोटो मागू नकोस. कलम १९३ चा उल्लेख करून तपासाची प्रगती लेखी माग, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नकोस.